कानबाईच्या रात्री वीस मिमी

जळगावात मी कॅमेरे आणि लेन्स भाड्याने देतो. गिऱ्हाईक बहुतेक लग्नवाले, म्हणजे चोपडा, पारोळा, अमळनेरकडचे स्टुडिओवाले. लेन्स परत करताना पोरं एकच वाक्य बोलतात, "दादा, बरी होती." पैसे देऊन नेलेल्या वस्तूबद्दल नेमकी तक्रार करणारा विरळाच. म्हणून श्रावणात अमळनेर तालुक्यातल्या एका स्टुडिओवाल्याने फोनवर तीन तक्रारी एका दमात सांगितल्या तेव्हा मला तो आवडलाच. मिररलेस कॅमेऱ्यासाठी नुकतीच घेतलेली माझी २० मिमी एफ/१.८ वाइड लेन्स त्याच्याकडे होती (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं आणि उजेड जास्त). कडेची माणसं फुगतात, एक बाजू सॉफ्ट म्हणजे धूसर येते आणि फोटोत आडवे पट्टे पडतात, असं त्याचं म्हणणं. लेन्स कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. एका पीसवरून कुणाला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

रविवारी त्याच्याकडे कानबाईचं, म्हणजे खानदेशात श्रावणात घरी बसवतात त्या देवीच्या उत्सवाचं काम होतं. म्हटलं, मीच येतो.

कानबाईचं घर म्हणजे लेन्सची खरी परीक्षा. सुरतेहून, नाशिकहून भाऊबंद आलेले, दहा बाय बाराच्या खोलीत चौरंगावर कानबाई मांडलेली, समोर दिवे, भिंतीभर एलईडीच्या माळा आणि बायांची गाणी. मागे सरकायचं म्हटलं तर पाठीला भिंत लागते. फ्लॅश मारला तर दिव्यांचा सगळा उजेडच मेला. अशा जागी २० मिमीचा ९४ अंशांचा कोन आणि एफ/१.८ दोन्ही लागतात. एफ/२.८ च्या झूमपेक्षा ही जवळजवळ अडीचपट प्रकाश घेते. झूमला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० लागेल तिथे हिचं २६०० च्या आसपास भागतं. वाइड असल्याने एफ/१.८ लाही फोकसची खोली बरी मिळते. दोन मीटरवर फोकस धरला तर साधारण दीड मीटरपासून पावणेतीन मीटरपर्यंतची माणसं चालण्याजोगी स्पष्ट येतात. गाणाऱ्या बायांच्या दोन ओळी त्यात बसतात.

पट्ट्यांचं कोडं पाच मिनिटांत सुटलं. गडी सायलेंट शटरवर १/२५० ने फोटो काढत होता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आणि सायलेंट शटर फोटो ओळीओळीने टिपतं, म्हणून काही ओळी उजळ, काही काळ्या. मेकॅनिकल शटर आणि १/५० लावलं, पट्टे गेले. लेन्स निर्दोष.

कडेच्या माणसांचं प्रकरण मात्र खोलीतच पेटलं. घरातल्या एका मामींनी स्क्रीनवर फोटो पाहिला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "मी इतली जाडी शे का रे भाऊ?" पोरगा माझ्याकडे बघतो, मी कानबाईकडे. मामी फ्रेमच्या अगदी उजव्या टोकाला बसल्या होत्या. सरळ रेषा सरळ ठेवणारी कुठलीही वाइड लेन्स कडेच्या गोल वस्तू बाहेरच्या बाजूला ताणते. २० मिमीला फुल फ्रेमच्या (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) डाव्या-उजव्या काठावर चेहरा उंचीच्या मानाने सुमारे एक तृतीयांश जास्त रुंद येतो, २४ मिमीला पाव भाग, ३५ ला जेमतेम आठवा हिस्सा. हे भूमितीचं देणं आहे. लाखाची लेन्स आणली तरी ते चुकत नाही. दरवाजाची चौकट सरळ हवी की मामी बारीक, असा हा सौदा असतो. (घरच्यांना विचारलं तर चौकटीला कुणी मत देणार नाही.) मग मामींना मधे घेतलं, कडेला दार आणि समई येऊ दिली. नवा फोटो मामींनी दोनदा मोठा करून पाहिला आणि रोट वाढायला उठल्या.

उरली तिसरी तक्रार, आणि ती खरी निघाली. भिंतीवरच्या माळांनीच ते उघड केलं. डाव्या कोपऱ्यातले बल्ब नीट ठिपके दिसत होते, उजव्या कोपऱ्यात त्यांना पंख फुटले होते. फास्ट वाइड लेन्स पूर्ण उघडी असताना कोपऱ्यात थोडा कोमा (ठिपक्यांना असे पंख फुटणं) येतोच, पण तो दोन्ही बाजूंना सारखा हवा. एकाच बाजूला आला की आतली एखादी काच तिरकी किंवा सरकलेली असण्याचा संशय घ्यायचा. दुकानात विटांच्या भिंतीसमोर हे कळत नाही, कारण कॅमेरा भिंतीला जरा तिरका लागला तरी एक बाजू सॉफ्ट येते आणि दोष कुणाचा ते ठरत नाही.

गाणी रंगात आली तसे आम्ही धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर गेलो. दूर शेताकडे एक दिवा जळत होता. ट्रायपॉड लावला, एफ/१.८ ठेवून मधोमध फोकस केला आणि मग तोच दिवा चारही कोपऱ्यांत नेऊन टिपला. दूरच्या दिव्याला कॅमेऱ्याच्या तिरकेपणाने फरक पडत नाही. उजवे दोन्ही कोपरे फरफटलेले. कॅमेरा उलटा करून पाहिलं, तर दोष कॅमेऱ्याबरोबर फिरला. उजव्या कोपऱ्यावर वेगळा फोकस केला की तो सुधारायचा आणि डावा बिघडायचा. एफ/५.६ ला सगळं झाकलं जात होतं. दिवसा उजेडी एफ/५.६ वर तपासणाऱ्याला ही लेन्स उत्तमच वाटणार. सोमवारी सकाळी बोरीवर कानबाईला निरोप देतानाचे फोटो आम्ही तिनेच काढले, एफ/८ ला. त्यात दोष काढून दाखवणाऱ्याला मी चहा पाजेन.

विक्रेत्याचं पहिलं उत्तर ठरलेलंच होतं, "पूर्ण उघडी ठेवली की असंच येतं." वाद घातला नाही. दिव्याच्या चार रॉ फाइल पाठवल्या, डावे-उजवे कोपरे शेजारी ठेवून. दुसऱ्या दिवशी बदलून द्यायला तयार झाला.

नवा पीस आला त्या रात्री घराच्या गच्चीवरून लांबच्या टॉवरच्या लाल दिव्यावर तीच तपासणी केली. चारही कोपरे सारखेच, म्हणजे सारखेच सामान्य. भाड्याच्या लेन्सला मला तेवढं पुरतं. आठवड्याच्या आत ती धुळ्याला एका हळदीच्या कार्यक्रमाला गेली. सोबत २४ मिमीही दिली, गटफोटोसाठी.