जादूघराच्या पायऱ्या : नोंद चौथी

आधी मागच्या नोंदीतलं एक विधान मागे घेतो. भंगारवाल्याकडे मिळालेल्या चांदीच्या बिल्ल्यावरचा क्रमांक आमच्याच गावच्या लॉजचा, म्हणजे फ्रीमेसन मंडळींच्या इथल्या शाखेचा, असं मी ठासून लिहिलं होतं. तो आमचा नाही. कसं चुकलो ते पुढे येतंच.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. वऱ्हाडातल्या आमच्या तालुक्याच्या गावी बाजाराच्या मागे एक जुनी दगडी इमारत आहे. सध्या तिथे तुरीचं आणि ढेपेचं गोदाम आहे. गाव तिला जादूघर म्हणतं. फ्रीमेसन ही बंद दाराआड विधी करणारी जुनी बंधुसंघटना, तिच्या सभागृहांना आपल्या देशात बऱ्याच ठिकाणी हेच नाव पडलं. "लॉजचा इतिहास शोधतोय" असं म्हटलं की बसस्टँडवरची पोरं डोळे मिचकावतात, खोली तासावर मिळते का म्हणून विचारतात. त्यामुळे आता मीही जादूघरच म्हणतो.

तर बिल्ला. काटकोनी गुण्या, आणि त्याखाली लोंबणारी छोटी चौकट. चौकटीत एक त्रिकोण, त्याच्या तिन्ही बाजूंवर तीन चौरस. आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांना दाखवला तर ते लगेच म्हणाले, "अरे, हा तर पायथागोरस!" अगदी बरोबर. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातलं ४७ वं प्रमेय. इंग्लिश परंपरेत लॉजचं मास्टरपद भूषवून उतरलेल्या माणसाला, म्हणजे पास्ट मास्टरला, हेच चिन्ह मिळतं. इथवर माझी गाडी रुळावर होती. मग मागे कोरलेला लॉज क्रमांक मी आजच्या यादीत शोधला आणि घसरलो.

इंग्लंडच्या ग्रँड लॉजने, म्हणजे सगळ्या लॉजवरच्या मुख्य संस्थेने, आपल्या लॉजना एकदाच क्रमांक देऊन ठेवले नाहीत. मधली लॉज बंद पडली की रिकाम्या जागा भरायला सगळ्यांचे आकडे पुन्हा लावत. १८१४, १८३२ आणि शेवटचं १८६३. म्हणजे १८६३ च्या आधीचा क्रमांक नंतरच्या यादीत पाहिला तर भलत्याच लॉजचं दार उघडतं. शिवाय स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या ग्रँड लॉजची क्रमवारी निराळी. एकच आकडा तिन्हींकडे असू शकतो, म्हणून ई.सी., एस.सी., आय.सी. (इंग्लिश, स्कॉटिश, आयरिश कॉन्स्टिट्यूशन) ही अक्षरं बघायलाच हवीत. (एका जुन्या पावतीवर 'एस.सी.' दिसलं तेव्हा मला आधी तहसीलमधला दाखलाच आठवला होता.)

सुटका केली आमच्या सोनाराने. भिंग लावून त्याने सांगितलं, "दादा, याच्यावर सिंह हाये, नांगर हाये, अन् एक अक्षर हाये." सिंह म्हणजे स्टर्लिंग चांदी, नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, आणि अक्षर म्हणजे वर्ष. बर्मिंगहॅमला समुद्र नाही, तरी शिक्का नांगराचा. १७७३ मध्ये तिथे चांदी तपासणारं कार्यालय सुरू झालं, त्याची खलबतं लंडनच्या 'क्राउन अँड अँकर' नावाच्या खानावळीत झाली म्हणून हा नांगर, असं सांगतात. पहिली ग्रँड लॉजही १७१७ मध्ये लंडनच्या एका दारूच्या गुत्त्यातच जमली होती. या लोकांची सगळी मोठी कामं पेल्याजवळच होत असावीत. असो. अक्षर निघालं १८५० च्या दशकातलं. म्हणजे क्रमांक १८३२ च्या यादीतला. जुन्या यादीत पाहिला, तर ते लॉज समुद्रकाठच्या एका छावणीतलं निघालं. रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये. त्याआधी कोणीतरी हा बिल्ला पेटीत घालून बैलगाडीने किंवा घोड्यावरून इकडे आणला असणार. बिल्ल्याला इमारतीची साक्ष काढता येत नाही.

मग इमारतीलाच विचारायचं ठरवलं. गोदामवाल्या काकांनी दोन रविवार पोती हलवू दिली. पूर्वेच्या भिंतीशी तीन पायऱ्यांचा ओटा निघाला. गेल्या वर्षी तो अर्धवट दिसला होता, तेव्हा भजनी मंडळाचा असेल म्हणून मी सोडून दिला होता. या वेळी पश्चिमेला दोन पायऱ्या सापडल्या आणि दक्षिणेला भिंतीच्या मधोमध एक. तीन, दोन, एक! टेप हातात धरून मी तिथेच ढेपेच्या पोत्यावर बसलो. लॉजचा प्रमुख म्हणजे मास्टर पूर्वेला, त्याच्या हाताखालचे दोन अधिकारी, सीनियर वॉर्डन पश्चिमेला आणि ज्युनियर वॉर्डन दक्षिणेला, आणि त्यांच्या बैठकींना याच हिशेबाने पायऱ्या. काळ्यापांढऱ्या चौकटींची फरशी नाही म्हणून मी आधी खट्टू झालो होतो, पण अशा चौकटींची सतरंजीही अंथरत, आणि सतरंजी कोणी मागे ठेवून जात नाही.

कोनशिलेचा तुकडाही आता वाचता येतो. 'ए.एल. ५८' आणि पुढचे दोन आकडे उडालेले. गावात तो सर्व्हे नंबर म्हणूनच माहीत आहे. ए.एल. म्हणजे 'ॲनो ल्युसिस', प्रकाशाचं वर्ष. मेसन मंडळी सृष्टीच्या आरंभापासून वर्ष मोजतात, आपल्या इसवी सनात ४००० मिळवतात. म्हणजे १८०० ते १८९९ मधलं काहीही. मी तरी रेल्वेनंतरचंच धरतोय.

मागच्या गल्लीतल्या आजींचे वडील तिथे झाडझूड करत. आजी सांगतात, "रातच्यानं साहेब लोक येत. दाराशी एक जन नंगी तलवार घेऊन उभा राहे. मुंडकं कापते म्हनत, आमी तिकडून जातच नोतो, बाबू." तो तलवारवाला म्हणजे टायलर, सभा चालू असताना बाहेर पहारा देणारा. पुढचं ऐकून मी वही काढली. "टेबलावर गीता बी राहे, कुरान बी, बायबल बी. बाप त्याईले हात नाई लावे, आजूबाजूनं फडकं फिरवे." ज्याने त्याने आपल्या धर्मग्रंथावर शपथ घ्यायची, ही हिंदुस्थानातल्या लॉजची रीत. म्हणजे सभासद केवळ गोरे नव्हते. ही वाटही सहज उघडली नव्हती. पारशी गृहस्थ माणेकजी कर्सेटजींना मुंबईत नकार मिळाला म्हणून त्यांनी पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली, मग १८४३ मध्ये जेम्स बर्न्स या स्कॉटिश मेसनने मुंबईत देशी लोकांसाठी लॉज काढलं. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांना तर १८७२ पर्यंत थांबावं लागलं. हिंदू अनेक देव मानतात, मग एका देवाच्या नावाने शपथ कशी घेणार, हा आक्षेप होता. आमच्याकडे कापूस आणि रेल्वे आल्यावर पारशी ठेकेदारही आले, ते या टेबलाशी बसत असतील असा माझा कयास आहे.

एका मित्राने कळवलंय की त्याच्या गावच्या जुन्या थडग्यावर कंपास (वर्तुळ काढायचा, दोन पायांचा) कोरलाय, म्हणजे मेसनच. जरा दमानं घे, बाबा. आपल्याकडे मोजणीवाले साहेबही कमी नव्हते. भारताची मोजणी करता करता विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये हिंगणघाटलाच वारला. कंपाससोबत मेसनच्या खुणेतला गुण्याही आहे का ते बघ, आणि फोटो सरळ समोरून काढ.

आता उत्तरेची भिंत राहिली. तिच्याशी तुरीची थप्पी छतापर्यंत आहे आणि भाव वाढेपर्यंत काका ती हलवणार नाहीत. मेसनच्या सभागृहात उत्तर ही अंधाराची दिशा, तिथे मास्टरची किंवा वॉर्डनची बैठक नसते. तिथे काहीच निघू नये अशी माझी इच्छा आहे. एक जरी पायरी निघाली तर पाचव्या नोंदीची सुरुवातही अशीच करावी लागेल.