मागच्या रांगेतला आवाज

"बाई लाटणं ठेवून हातोडी घेऊन बसल्या की आज!"

आवाज माझ्या मागच्या रांगेतून आला. हळू बोलल्याचा आव, पण चार रांगांना सहज ऐकू जाईल एवढा. खसखस पिकली. स्टेजवरची तबलावादक मुलगी तबल्याच्या गजऱ्यावर, म्हणजे कडेच्या चामड्याच्या वेणीवर, हातोडीने ठोकत सूर मिळवत होती. ती क्षणभर थांबली. मान वर केली नाही. मग पुन्हा ठोकायला लागली, गजऱ्याचं एकेक घर, म्हणजे एकेक भाग, अगदी सावकाश. गायक आणि तानपुरे वाट बघत राहिले. मला तर वाटलं, मुद्दामच वेळ लावत्येय. लावू दे!

खरं सांगायचं तर हसणाऱ्यांत मीही होतो. ओठांच्या कोपऱ्यातून का होईना.

डॉ. आबान मिस्त्री मुंबईत कित्येक वर्षं सोलो तबला वाजवत होत्या. तबला-पखवाजाच्या घराण्यांवर त्यांनी अख्खा ग्रंथ लिहिला. आणि आपण अजून लाटण्यातच. पुरुष तबलजी हातोडी काढतो तेव्हा असा विनोद कधी ऐकलाय? तेव्हा लोक चहाला उठतात, फार तर खोकतात.

मैफल झाल्यावर तो विनोद करणारे मागच्या रांगेतले काका स्टेजजवळ गेले. मनापासून, हात जोडून म्हणाले, "छान वाजवलंत हो. बायकांच्या मानाने हात चांगलाच तयार आहे."

ती "धन्यवाद काका" म्हणाली आणि तबल्यावर खोळ चढवू लागली.

मी शेजारीच उभा होतो. तेव्हा तरी काही बोलायला काय झालं होतं मला?