जीआरईची शब्दयादी तोंडपाठ, तरी उत्तरं चूक

जीआरई म्हणजे परदेशात मास्टर्स-पीएचडीला प्रवेश घेण्यासाठी देतात ती परीक्षा. तिच्या तयारीत माझा सगळ्यात जास्त वेळ इंग्रजी शब्दांनी खाल्ला, आणि त्यातला बराचसा क्लासच्या यादीपायी फुकट गेला. परीक्षा होऊन गेली, व्हर्बलचा, म्हणजे इंग्रजीच्या भागाचा, स्कोअर मला हवा होता त्याहून चांगला आला, पण त्या यादीचा राग काही गेलेला नाही. म्हणून लिहितेय. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग डिप्लोमा, मग मेकॅनिकलची डिग्री, अशा वाटेने आलेल्यांना हे जास्त उपयोगी पडेल.

गणिताच्या भागाबद्दल काही सांगत नाही, इंजिनिअरिंग केलेल्यांना तो सरावाने जमतो. अर्ज, फी, सेंटर, सगळं घरबसल्या झालं. एवढंच बघा की अर्जातलं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षरशः एक असलं पाहिजे. आपल्याकडे आडनाव कुठे आधी, कुठे शेवटी आणि मध्ये वडिलांचं नाव, त्यामुळे पासपोर्ट समोर ठेवूनच फॉर्म भरा.

आता यादी. पुण्यातल्या क्लासमध्ये फी भरल्यावर पहिल्याच दिवशी स्पायरल बाइंडिंगची जाडजूड झेरॉक्स प्रत हातात दिली. डावीकडे शब्द, उजवीकडे एका-दोन शब्दांत अर्थ. काही पानांवर एकसारख्या अर्थाच्या शब्दांचे गट. ‘थोडक्यात’ या एका मथळ्याखाली सक्सिंक्ट, पिथी, टर्स, कर्ट, ब्रस्क, लॅकॉनिक, टॅसिटर्न अशी सगळी रांग. दर शनिवारी चाचणी: सर शब्द उच्चारणार, आपण अर्थ लिहायचा. त्यात मला कायम चांगले मार्क पडायचे. बसमध्ये, मेसच्या रांगेत, झोपताना, जिथे सापडेल तिथे मी ती यादी वाचत होते.

आणि सराव परीक्षा दिली की व्हर्बल कोसळायचं.

कुठे कोसळायचं ते नीट सांगते, कारण इथेच मी सगळ्यात जास्त अडकले. जीआरईत सेंटेन्स इक्विव्हॅलन्स नावाचा प्रश्नप्रकार आहे. एक वाक्य, त्यात एक गाळलेली जागा, खाली सहा पर्याय. त्यातले दोन निवडायचे. दोन्ही शब्द जागेत बसले पाहिजेत आणि दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच व्हायला हवा. एक बरोबर आणि एक चूक असेल तर गुण शून्य.

समजा वाक्याचा आशय असा आहे: अनेक वर्षांचं संशोधन तीन पानांत मांडणारा तो अहवाल इतका ‘अमुक’ होता की समितीतल्या प्रत्येकाने त्याची वाखाणणी केली. पर्याय: सक्सिंक्ट, कर्ट, टॅसिटर्न, पिथी, ब्रस्क, व्हर्बोस. यातला व्हर्बोस म्हणजे पाल्हाळिक, तो लगेच गळतो. उरलेले पाचही माझ्या यादीत एकाच मथळ्याखाली! आता दोन निवडा.

खरं उत्तर सक्सिंक्ट आणि पिथी. कर्ट आणि ब्रस्क यांचीही आपापसात जोडी जमते, पण ती तुटक, समोरच्याला लागेल अशा बोलण्याची. वाखाणणी झालेल्या अहवालाला ती कशी चालेल? टॅसिटर्न म्हणजे मितभाषी, अबोल; ते माणसाला म्हणतात, अहवालाला नाही. म्हणजे सहा पर्यायांत समानार्थी जोड्या दोन, आणि कुठली घ्यायची हे फक्त वाक्य सांगणार. यादी तुम्हाला बरोबर त्याच जागी एकटं सोडते.

हे मी सरांना दाखवलं. म्हटलं, सर, सगळे शब्द येतात मला, पण दोन्ही जोड्या बरोबर वाटतात. सरांनी प्रश्न वाचलासुद्धा नाही. “अगं, अजून दोनदा यादी फिरव, आपोआप होईल.” फिरवली. काही आपोआप झालं नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. बॅचमधल्या कित्येकांनी या टप्प्यावर ‘आपलं इंग्रजीच कच्चं, मराठी मीडियम ना’ असं म्हणून व्हर्बलचा नादच सोडला, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचा आहे. हुशार मुलं होती. त्यांच्या इंग्रजीत खोट नव्हती, हातात दिलेला कागद चुकीच्या परीक्षेचा होता.

चुकीच्या परीक्षेचा म्हणजे अगदी शब्दशः. एकदा त्या प्रतीची शेवटची पानं चाळत होते. तिथे सरावाचे प्रश्न होते: शब्द देऊन विरुद्धार्थी शब्द विचारलेला, आणि ‘अमक्याचं तमक्याशी जे नातं, तेच कोणाचं कोणाशी’ अशा जोड्या. हे दोन्ही प्रकार जीआरईतून ऑगस्ट २०११ मध्ये काढून टाकले आहेत! सुटा शब्द आणि त्याचा सुटा अर्थ यांच्यावर थेट गुण मिळायचे ते तेव्हा. आता सगळे शब्द वाक्यात येतात. क्लासने मात्र तीच यादी वर्षानुवर्षं झेरॉक्स करून विकली.

मग मी शनिवारच्या चाचण्या सोडल्या आणि माझी माझी कार्डं करायला घेतली. कार्डाच्या एका बाजूला शब्द. दुसऱ्या बाजूला तीन गोष्टी: हा शब्द कोणाबद्दल किंवा कशाबद्दल वापरतात, त्यात कौतुक आहे की टीका, आणि इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशातून उचललेलं एक पूर्ण वाक्य. मराठी अर्थ लिहिला तरी तो नेमका लिहायचा. फ्रुगल म्हणजे काटकसरी, मायझर्ली म्हणजे चिक्कू. आजीला काटकसरी म्हटलं तर ती खूश होईल, चिक्कू म्हणून बघा! यादीत दोन्हींपुढे ‘कमी खर्च करणारा’ एवढंच होतं. पार्सिमोनिअसची तर आणखी गंमत. माणसाबद्दल म्हटलं तर कंजूष, पण शास्त्रातल्या एखाद्या सिद्धान्ताबद्दल म्हटलं तर ती स्तुती असते, कमीत कमी गृहीतकांत उलगडा करतो म्हणून. जीआरईतले उतारे विज्ञान, इतिहास, कलासमीक्षा असे असतात, तेव्हा ही दुसरी बाजू माहीत असावीच लागते.

कार्डांची उजळणी कशी करायची हे मला क्लासबाहेरच कळलं. यादी दर वेळी ए पासून वाचायला घेतली की ए, बी, सी पक्के होतात आणि एस, टी, व्ही कच्चे राहतात. सेबास्टियान लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ मध्ये एक साधी पद्धत मांडली होती. खोक्यात कप्पे करायचे. आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात जातं आणि जास्त दिवसांनी समोर येतं. न आलेलं परत पहिल्या कप्प्यात. मी मिठाईच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठ्याचे कप्पे केले होते. मोबाइलवर अंकी हे ॲप साधारण याच तत्त्वावर चालतं, पण हाताने लिहिलेलं माझ्या जास्त लक्षात राहायचं. एक पथ्य पाळा: दुसऱ्यांची तयार कार्डं घेऊ नका. वाक्य शोधून ते लिहून काढण्यातच निम्मं काम होतं.

सोप्या दिसणाऱ्या शब्दांचीही वेगळी कार्डं करा, कारण यादीत ते नसतातच. फ्लॅग म्हणजे झेंडा हे सगळ्यांना येतं. उत्साह फ्लॅग झाला म्हणजे मावळला, हे यावं लागतं. क्वालिफाइड सपोर्ट म्हणजे अटी घालून दिलेला पाठिंबा. चेक म्हणजे आवर घालणं. वाँट म्हणजे उणीव. सँक्शन म्हणजे मंजुरीही आणि निर्बंधही. टेंपर म्हणजे सौम्य करणं, आणि हे मेकॅनिकलवाल्यांना सांगायलाच नको: कडक केलेलं पोलाद पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात ते टेंपरिंग.

काही शब्द दिसतात त्याच्या उलट निघतात. एनर्व्हेट ऐकायला एनर्जीसारखा, पण त्याचा अर्थ अंगातली शक्ती काढून घेणं. नॉइसमचा आवाजाशी संबंध नाही, त्याचा अर्थ दुर्गंधी येणारा. रेस्टिव्ह म्हणजे अस्वस्थ, आवरेनासा झालेला. डिसइंटरेस्टेड म्हणजे निःपक्षपाती.

वेळेचं आधीच सांगायला हवं होतं. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा छोटी झाली आहे. व्हर्बलचे दोन भाग: १८ मिनिटांत १२ प्रश्न आणि २३ मिनिटांत १५. पहिला भाग कसा गेला यावर दुसरा किती कठीण येणार ते ठरतं, म्हणून सुरुवातीला घाई नको. निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवू नका. अडलेला प्रश्न मार्क करून त्याच भागात परत येता येतं. पर्यायांकडे बघण्याआधी गाळलेल्या जागेत आपला साधा मराठी शब्द घालून पाहायची सवय मला फार उपयोगी पडली. वाक्यात दो (though, म्हणजे ‘जरी’), डिस्पाइट, फार फ्रॉम, ऑल्बीइट असं काही दिसलं की अर्थ वळणार हे नक्की. तेव्हा कच्च्या कागदावर पेन्सिलीने बाण काढायचा.

शेवटचा पेपर संपल्यावर स्क्रीनवर व्हर्बल आणि क्वांटचे (गणिताचे) अनधिकृत आकडे लगेच दिसतात. ते बघून मला अक्षरशः रडू आलं, आणि दुसऱ्या क्षणी ती स्पायरलची प्रत आठवून संतापही आला.

तुम्ही क्लास लावणारच असाल तर फी भरायच्या आधी त्यांच्या शब्दयादीची कुठलीही दोन पानं मागा. शब्दासमोर वाक्य आहे का बघा. मग शेवटची पानं उघडा. तिथे विरुद्धार्थी शब्द आणि जोड्या दिसल्या, तर सरळ उठून बाहेर या. परीक्षा घेणाऱ्या ईटीएसच्या साइटवर पॉवरप्रेप नावाच्या सराव परीक्षा फुकट मिळतात. त्यातली एक तयारीच्या सुरुवातीलाच द्या.