मुंबई बघायची तर एक दिवस बोरिवलीची गाडी पकडा

मुंबई बघायला पाहुणे आले की आपण त्यांना घेऊन चर्चगेटच्या गाडीत बसतो. गेटवे, मरीन ड्राइव्ह, हाजी अली, सिद्धिविनायक, वेळ उरला तर घारापुरीची लाँच. ते सगळं बघावंच. पण हाताशी आणखी एक दिवस असेल तर उलट्या दिशेची गाडी पकडा, असं मी अगदी आग्रहाने सांगेन. दक्षिण मुंबईत दिसतो तो बहुतेक इंग्रजी अमदानीचा इतिहास. त्याच्या कितीतरी शतकं आधीची मुंबई बोरिवली ते अंधेरीच्या पट्ट्यात, जुन्या साष्टी बेटावर, दगडात कोरून ठेवलेली आहे.

पावसाळा सरत आला होता आणि कल्याणहून आत्या राहायला आली होती. तिला घेऊन सकाळीच बोरिवली पूर्वेला उतरले. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं गेट स्टेशनपासून अगदी जवळ. तिथून कान्हेरीची बौद्ध लेणी सहा-सात किलोमीटर आत, पण जायला गाडी मिळते. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल, त्यात तुळशी आणि विहार असे दोन तलाव, आदिवासी पाडे आणि बिबटे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारवीची झुडपं माजलेली होती. ती आठ वर्षांतून एकदाच फुलते. २०१६ नंतर थेट २०२४ मध्ये इथले उतार जांभळे झाले होते.

कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास काम सुरू झालं आणि पुढे जवळजवळ हजार वर्षं इथे भिक्षूंचा वावर होता. बहुतेक लोक तीन नंबरचा चैत्य, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन, बघतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. चैत्य आहेच तसा. व्हरांड्याच्या दोन टोकांना बुद्धाच्या वीस फुटांहून उंच मूर्ती, दर्शनी भिंतीवर दात्यांची जोडपी आणि आत स्तूपाभोवती खांबांची रांग. हे खांब जरा निरखून बघा. काहींच्या माथ्यावर पूजा करणारे हत्ती कोरले आहेत, तर काही साधे अष्टकोनी, नक्षीविना तसेच राहिलेत.

इथल्या ब्राह्मी शिलालेखांत दान देणाऱ्यांची गावं आहेत. कल्याण, सोपारा, नाशिक. मी हे सांगितलं तशी आत्या थबकली.

"आमचं कल्याण?"

"तुमचंच. बंदर होतं ना तेव्हा. तिथल्या व्यापाऱ्यांनी पैसे दिले."

"मग इतकी वर्षं इथे आणलं का नाहीस गं मला?" असं म्हणून ती पायऱ्या माझ्याआधी चढायला लागली.

कान्हेरीचा खरा जीव वरच्या अंगाला आहे. भिक्षू राहायचे त्या जवळजवळ प्रत्येक विहाराशेजारी पाण्याचं कातळात कोरलेलं टाकं. एका टाक्यापाशी आम्ही बराच वेळ बसलो. कातळाच्या उतारावर बोटभर खोलीची पन्हळ कोरलेली, तिच्यातून कालच्या पावसाचं पाणी अजून झिरपत होतं आणि वळण घेऊन टाक्याच्या तोंडात पडत होतं. टाक्याच्या काठाला खाच होती, वर झाकण बसवायची असावी. डोंगरमाथ्यावर शेकडो माणसांनी बारमाही राहायचं तर पाण्याचा हिशोब किती चोख लागेल, ते अशा ठिकाणी बसल्यावर कळतं. निजायचे दगडी ओटेही तसेच शाबूत आहेत.

एक्केचाळीस नंबरच्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व, आहे, तो चुकवू नका. नव्वद नंबरच्या लेण्यात पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत. १००९ आणि १०२१ साली आलेल्या पारशी मंडळींनी इथे आपली नावं कोरून ठेवली. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही लोक हे बघायला येतच होते. ओढ्यापलीकडे भिक्षूंच्या स्मरणार्थ बांधलेल्या विटांच्या स्तूपांचे अवशेष आहेत. तिकडे फारसं कोणी फिरकत नाही.

दुपारनंतर रिक्षाने बोरिवली पश्चिमेला, मंडपेश्वरला. मला स्वतःला हे ठिकाण फार जवळचं वाटतं. सहाव्या शतकाच्या सुमाराचं शैव लेणं, आत झिजलेला पण अजून लय न हरवलेला नटराज. पोर्तुगीज आले आणि लेण्याचं प्रार्थनास्थळ झालं. वरती मठ आणि चर्च उठलं, त्याच्या बिनछपराच्या भिंती आजही उभ्या आहेत. एका भिंतीवर जुनी मूर्ती तासून काढून त्या जागी मोठा क्रूस कोरलेला आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि साष्टीतली पोर्तुगीज सत्ता संपली. आज गाभाऱ्यात शिवलिंगाची पूजा होते आणि क्रूसही जागेवर आहे. तो कोणी खरवडला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. आत्याने पिंडीवर फूल वाहिलं आणि जाताना क्रूसापाशीही हात जोडले.

जोगेश्वरीचं लेणं पूर्वेला, दाट वस्तीच्या पोटात. लांबलचक पायऱ्या उतरून खाली जायचं. कलेचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांच्या मते भारतातलं हे सर्वांत जुनं मोठं हिंदू लेणं. कोरीव काम पाण्याने खूप गेलंय, छतातून ठिबक चालू असते आणि लेण्याच्या माथ्यापर्यंत घरं येऊन भिडली आहेत. एवढी मोठी गोष्ट आपण इतकी उघड्यावर टाकली याचा मला राग येतो. तरी देवीपुढे दिवा असतो आणि आसपासच्या बायका नेमाने येतात. त्यांच्यामुळेच ते जागं आहे.

अंधेरी पश्चिमेचा गिल्बर्ट हिल उभ्या उभ्या बघून होतो. सुमारे दोनशे फूट उंचीचा काळ्या बेसॉल्टचा सुळका, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. कान्हेरीचा दगडही त्याच ज्वालामुखीच्या काळातला. पायऱ्या चढून गेलात की माथ्यावर गावदेवीचं देऊळ आहे.

जायचं असेल तर एवढं ध्यानात ठेवा. सोमवारी उद्यान बंद असतं. उद्यानाचं तिकीट वेगळं आणि लेण्यांचं वेगळं. पाणी सोबत न्या, माकडांसमोर खाऊ काढू नका, पावसात शेवाळलेल्या पायऱ्यांवर जपून. एका दिवसात चारही ठिकाणं उरकू नका. कान्हेरीलाच अर्धा दिवस द्या.

आत्याने परतीच्या गाडीतच पुढचा बेत ठरवला, कान्हेरीच्या शिलालेखांतल्या सोपाऱ्याचा. विरार गाडीने नालासोपारा, तिथून पश्चिमेला बुरूड राजाचा कोट. १८८२ साली पुरातत्त्वाचे अभ्यासक पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरून काढला. दिवाळी झाली की जातोय.