दुसऱ्या वर्कस्पेसवरची विंडो

वार्षिक ताळेबंदाचे काम ऐन भरात असताना हिशेब विभागातील एका सहकारी बाईंचा फोन आला. संगणकावरच्या सगळ्या विंडो आपोआप बंद झाल्या, सकाळपासून भरलेली आकड्यांची शीट सेव्ह करायची राहिली होती आणि फाइलवर डबल क्लिक केले तरी ती उघडत नाही, अशी त्यांची तक्रार होती. पॉवरचे बटण दाबून लॅपटॉप पुन्हा चालू करण्याच्या त्या बेतात होत्या. मी पोहोचेपर्यंत कशालाही हात लावू नका, असे सांगून मी त्यांच्या टेबलापाशी गेलो.

तांत्रिक मदतीच्या कामात ‘आपोआप बंद झाले’ ही तक्रार रोजची असते आणि तिच्यावर सहसा विश्वास बसत नाही. इथे मात्र लक्ष वेधून घेणारी एक बारीक गोष्ट होती. त्यांनी माझ्यासमोर फाइलवर डबल क्लिक केले, तेव्हा शीट उघडली नाही, पण स्क्रीनच्या वरच्या कडेला ‘तयार आहे’ अशा अर्थाची एक सूचना क्षणभर येऊन गेली. फाइल खरोखर बंद असती, तर लिब्रे-ऑफिसने (शीट ज्यात भरतात त्या ऑफिस सॉफ्टवेअरने) ती सरळ उघडली असती. ती आधीच उघडी होती, तिला पुढे आणण्याची विनंती झाली होती आणि ग्नोमने (लिनक्सवर विंडो आणि स्क्रीनची मांडणी सांभाळणाऱ्या प्रणालीने) परस्पर तिच्याकडे उडी न मारता नुसते कळवले होते. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या विंडोत, चालू प्रक्रियांची यादी पाहिली, तर लिब्रे-ऑफिसची प्रक्रिया तिथे शाबूत होती. म्हणजे शीट जिवंत होती. फक्त समोर नव्हती.

ऑल्ट आणि टॅब दाबल्यावर ब्राउझर आणि फाइल मॅनेजर एवढ्या दोनच विंडो दिसल्या. सुपर की (विंडोजचे चिन्ह असलेली की) दाबली, तेव्हा वरच्या पट्टीत वर्कस्पेसची, म्हणजे एकाच संगणकावरच्या वेगवेगळ्या डेस्कटॉपची, छोटी चित्रे आली आणि डावीकडच्या पहिल्या चित्रात हिरव्या मथळ्याची ती शीट, शेजारी कॅल्क्युलेटर, मागे मेल, सगळे जसेच्या तसे होते. बाईंनी सर्वांत आधी कंट्रोल-एस दाबले. माझ्याशी बोलणे त्यानंतर.

विंडो तिकडे गेल्याच नव्हत्या. बाईच दुसरीकडे आल्या होत्या. मार्च २०२१ मधल्या ग्नोम ४० पासून वर्कस्पेस आडव्या रांगेत असतात आणि टचपॅडवर तीन बोटे आडवी सरकवली की शेजारची वर्कस्पेस समोर येते. त्यातच मूळ मांडणीप्रमाणे रांगेच्या शेवटी एक रिकामी वर्कस्पेस कायम तयार असते. विंडोजमध्ये दुसरा डेस्कटॉप मुद्दाम तयार करावा लागतो. वर्षानुवर्षे विंडोज वापरलेल्या व्यक्तीने तो कधी केलाच नसेल, तर चुकून तिथे जाण्याचा प्रश्नच येत नाही. इथे मात्र बोटे घसरली की माणूस थेट रिकाम्या स्क्रीनवर.

“मग ऑल्ट-टॅबने सगळीकडचे दाखवायला लावा ना,” असे त्या म्हणाल्या. सेटिंग्जमधल्या मल्टिटास्किंगच्या पानावर सर्व वर्कस्पेसमधली अॅप्स धरण्याचा पर्याय आधीच निवडलेला होता, तरीही यादीत दोनच विंडो येत होत्या. कारण ग्नोममध्ये दोन वेगळे स्विचर, म्हणजे एकीकडून दुसरीकडे जाण्यासाठीच्या याद्या, आहेत. एक अॅप्स बदलतो आणि मूळ मांडणीत सर्व वर्कस्पेस पाहतो. दुसरा सुट्या विंडो बदलतो आणि फक्त चालू वर्कस्पेसपुरता पाहतो. सेटिंग्जच्या पानावरचा पर्याय पहिल्यापुरताच आहे. या लॅपटॉपवर ऑल्ट-टॅब कोणीतरी दुसऱ्या स्विचरला जोडलेले होते आणि त्याची मर्यादा काढायची, तर सेटिंग्जच्या पानाबाहेर जाऊन टर्मिनलमधली ‘जीसेटिंग्ज’ची आज्ञा किंवा आतल्या सेटिंग्ज बदलणारा ‘डीकॉन्फ’चा संपादक लागतो. पानावरचे शब्द वाचून कोणाचीही समजूत होईल, की आपण सगळेच चालू केले आहे. ही मांडणी मला पटत नाही.

सरसकट सर्व दाखवणेही मात्र मला योग्य वाटत नाही. झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रातील ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड यांनी १९८६ मध्ये ‘रूम्स’ ही पद्धत मांडली, ती याच निरीक्षणावर, की माणूस एका कामासाठी एका वेळी मोजक्याच विंडो आलटून पालटून वापरतो. त्या वेगळ्या ठेवायच्या आणि स्विचरमध्ये पुन्हा सगळ्यांची गर्दी करायची, तर वर्कस्पेस हवीच कशाला? आमच्या प्रोग्रामरांना ऑल्ट-टॅबची ही मर्यादाच हवी असते.

म्हणून बाईंपुढे दोन पर्याय ठेवले: वर्कस्पेसची संख्या एकावर स्थिर करायची, किंवा ऑल्ट-टॅब चालू वर्कस्पेसपुरते ठेवून सुपर-टॅबने सर्व वर्कस्पेसमधली अॅप्स पाहायची. माझी अटकळ होती, की त्या पहिला घेतील. त्यांनी तीन बोटे डावी-उजवीकडे सरकवून पाहिली, मेल आणि ब्राउझर उजवीकडे नेऊन ठेवले आणि शीट एकटीच डावीकडे राहू द्या, असे सांगितले. फाइल शोधताना आधी सुपर की दाबून वरची पट्टी पाहायची, हे त्यांनी वहीत लिहून घेतले आणि ताळेबंदाचे राहिलेले आकडे भरायला घेतले.