माउलींसोबत पंढरीला, मुक्कामा-मुक्कामानं

पंढरपूरला पोहोचलं की बळ मिळतं, अशी नव्या वारकऱ्याची समजूत असते. वारीत वर्षानुवर्षं चालणारा आम्हां लोकांचा अनुभव वेगळा आहे. देव बळ देतो ते रोजच्या रोज, त्या दिवसाला पुरेल एवढंच. आदल्या दिवशीचं दुसऱ्या दिवशी उरत नाही. म्हणून आळंदी ते पंढरपूर हे सुमारे 250 किलोमीटर इथं मुक्कामा-मुक्कामानं लिहितो आहोत. पाय कुठे खचतात, मन कुठे खचतं आणि दोन्ही कशानं सावरतं, हे पहिल्यांदा निघणाऱ्याला आधी कळलेलं बरं.

तयारी दोन महिने आधी सुरू करावी. चैत्र-वैशाखात पहाटे रोज सहा-सात किलोमीटर चालावं आणि चालताना हरिपाठ म्हणावा. तो पाठ नसेल तर वारीचं निम्मं हातून जातं, कारण चालत्या गर्दीत पुस्तक धरून वाचता येत नाही. पायात मागं पट्टा असलेली, आधीच वापरून मऊ झालेली सँडल बरी. नवे बूट पावसात भरतात, सुकत नाहीत आणि टाच सोलतात. रबरी चपलेचा अंगठा भिजला की बोटांमध्ये कापतो. खांद्यावर चार किलोच्या वर ओझं नको: पाण्याची बाटली, पंचा, प्लॅस्टिकचा कागद, ओआरएसची पाकिटं, खोबरेल तेल, रोजची औषधं. वळकटी दिंडीच्या ट्रकमध्ये द्यायची. तिच्यावर नावासोबत दिंडीचा क्रमांक आणि माउलींच्या पालखीच्या ‘रथापुढे’ की ‘रथामागे’ हे ठळक लिहायचं. वारीत हाच तुमचा पत्ता. रथापुढे 27 दिंड्या असतात आणि मागे त्यांच्या कितीतरी पट. नुसता क्रमांक सांगितला तर हरवलेला माणूस चुकीच्या टोकाला जाऊन पोहोचतो.

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान होतं. पहिला मुक्काम माउलींच्या आजोळघरी आणि दुसऱ्या दिवशी पुणं. पुण्यात दोन रात्री असतात. हा विसावा फिरण्यात घालवू नये. पाय धुवावेत, तेल लावावं, झोपावं. कारण पुढचा टप्पा सासवडचा. दिवस बहुधा योगिनी एकादशीचा, चाल 30 किलोमीटरच्या आसपास आणि शेवटी दिवे घाट.

या एका दिवशी बरीच माणसं आजारी पडतात, आणि त्याचं कारण बहुधा घाट नसतो. उपवास म्हणून साबुदाण्याची खिचडी पोटभर खाल्लेली असते. हडपसरपर्यंत गर्दीमुळे चालण्यापेक्षा उभं राहणंच अधिक होतं. तहान लागली तरी पाणी टाळलेलं असतं, कारण बायाबापड्यांना आडोसा मिळत नाही. दुपारच्या उन्हात घाटाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत डोकं गरगरायला लागतं. त्यापेक्षा भगर आणि ताक थोडं थोडं घ्यावं, सोबत केळं ठेवावं, दर अर्ध्या तासाला पाण्याचे घोट घ्यावेत. मधुमेह असलेल्यानं एकादशी कशी करायची हे निघण्याआधीच डॉक्टरांना विचारावं. पांडुरंग कुणाची शुद्ध हरपायला सांगत नाही.

घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. माणसांसाठीही तशी सोय आहे, ती भजनात. टाळकऱ्यांच्या ओळींपैकी एका बाजूनं चरण म्हणायचा, दुसरीनं उचलायचा. जी बाजू ऐकते तिचा श्वास भरतो. एकटा माणूस चढावर गात गेला तर दहा मिनिटांत धापा टाकतो, दिंडीत तोच वर पोचतो. म्हणून घाटात आपली ओळ सोडून पुढं पळू नये. फोटोसाठी कडेच्या दगडांवर चढणं तर नकोच, पावसानं ते निसरडे झालेले असतात.

सासवडला पुन्हा दोन रात्री, माउलींचे धाकटे भाऊ सोपानकाका यांच्या समाधीपाशी. फोड इथं दिसायला लागतात. फोड लहान असेल, दुखत नसेल तर फोडू नये, वर चिकटपट्टी लावावी. मोठा असेल तर पाय साबणानं धुऊन, निर्जंतुक सुईनं कडेला बारीक भोक पाडून पाणी दाबून काढावं. वरची कातडी कापू नये. तीच मलमपट्टी असते. सुईत दोरा ओवून तो आतच ठेवायचा, अशी जुनी पद्धत आहे. आम्ही ती सोडायला सांगतो, कारण रस्त्यावरचा चिखल त्याच दोऱ्यावाटे आत शिरतो. मधुमेहींनी सुई हातातच घेऊ नये, वैद्यकीय पथकाकडे जावं. जांघा घासून सोलल्या जातात त्यावर पहाटे निघतानाच खोबरेल लावावं. सोलल्यावर लावून फक्त आग होते.

मन याच सुमारास, चौथ्या-पाचव्या दिवशी खचतं. नवलाई ओसरलेली असते, झोप अपुरी असते, घर आठवतं, आणि ‘आपल्याला काही जाणवत कसं नाही?’ हा प्रश्न छळतो. यावर वारीचा उपाय साधा आहे: क्रम मोडायचा नाही. पहाटे पहिला कर्णा (तुतारी) झाला की आवरायचं, दुसऱ्याला उभं राहायचं, तिसऱ्याला चालू लागायचं. काकडा, भूपाळ्या, वाटेवरचे नेमाचे अभंग, संध्याकाळी हरिपाठ. या पालखी सोहळ्याचे प्रवर्तक हैबतबाबा आरफळकर यांनी 19व्या शतकात घालून दिलेली ही शिस्त जाणवण्या-न जाणवण्यावर अवलंबून नाही. तुमचा आवाज बसला तर शेजारचा म्हणत असतो. विणेकरी वीणा खाली ठेवत नाही, दमला तर दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. आपली श्रद्धा थकली की चार दिवस दुसऱ्याच्या श्रद्धेवर चालावं, यात लाजण्यासारखं काही नाही. दिंडी असते ती त्यासाठीच.

जेजुरीला भंडारा उधळला जातो, पुढं वाल्हे. नीरेत पादुकांना स्नान घालून पालखी सातारा जिल्ह्यात शिरते. लोणंद ते तरडगाव वाट थोडी, पण चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या रांगांमधून अश्वांची धाव, असल्यानं वेळ जातो. फलटण, बरड, नातेपुते हे टप्पे लवकर सरतात.

समाज आरतीबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. तळावर पालखी पोचली की दिंड्या भोवती गोलाकार उभ्या राहतात, हजारो टाळ एका वेळी वाजत असतात. सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार हातातला चोप (दंड) उंचावतात आणि सगळं एकदम शांत होतं. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती आपले टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथं जातात, ऐकून घेतात, निवाडा करतात. मग हरवल्या-सापडल्याची यादी आणि उद्याच्या वेळा पुकारतात, त्यानंतर आरती होते. मनात तक्रार ठेवून देवासमोर उभं राहायचं नाही, ही केवढी मोठी सोय आहे! उशिरा पोचणारे, जेवणाच्या रांगेत आधी जागा धरणारे या आरतीला मुकतात. आमच्या मते दिवसभरात एकच गोष्ट करता येणार असेल तर ही करावी. गर्दीत शिरता येत नसेल तर आपल्या तंबूबाहेर त्या शांततेत उभं राहावं.

सदाशिवनगरजवळ पुरंदवड्याला पहिलं गोल रिंगण, मग खुडूस फाटा, ठाकुरबुवाची समाधी, बाजीरावाची विहीर. अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व धावतात, त्यांतल्या एकावर स्वार नसतो, तो माउलींचा. अश्व पूर्ण थांबेपर्यंत दोर सोडून आत धावू नये, टापांखालची माती नंतरही मिळते. रिंगणानंतर पालखीभोवती टाळ-मृदंगाची उडी होते. तिथं पाय हमखास तुडवले जातात. गुडघे दुखत असतील तर मागच्या ओळीतच थांबावं.

वेळापूरला धावा. उतारावर सगळे पळत सुटतात, कारण इथून तुकोबांना कळस दिसला आणि ते धावले अशी श्रद्धा आहे. ज्यांचे पाय सोललेत त्यांनी कडेनं चालावं. तोंडले-बोंडल्याच्या पुढं सोपानकाकांच्या पालखीशी बंधुभेट, मग भंडीशेगाव, वाखरी आणि दशमीला पंढरी.

एकादशीला चंद्रभागेत उतरताना आधी पाण्याकडे बघावं. वर धरणांतून पाणी सोडलं असेल तर पात्र ओळखीचं राहत नाही. तेव्हा घाटाच्या पायरीवर बसून तांब्यानं स्नान करावं. मग नगरप्रदक्षिणा. पददर्शनाची रांग एक दिवस किंवा त्याहूनही जास्त घेते. तिथं औषध, पाणी, बसायची सोय बघूनच उभं राहावं. कितीतरी वारकरी नामदेव पायरीला माथा टेकवून, कळसाला हात जोडून मागं फिरतात. ज्यांना रांग झेपत नाही त्यांनी खंत करू नये. कळसदर्शन ही तडजोड नाही, वारीची ती पूर्वापार रीत आहे.

याच दिवसांत विठ्ठलाचा पलंग काढलेला असतो. देव रात्रंदिवस उभा राहून दर्शन देतो, शिणवटा यायला नको म्हणून पाठीशी लोड ठेवतात. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, स्नान घालतात, काढ्याचा नैवेद्य दाखवतात. बळ मागायला आलेल्यांसाठी देवही उभ्यानं दमतो, हे ज्याला एकदा उमगतं तो पुढच्या वर्षी येतोच.

पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला की बसस्थानक भरून जातं. पालखी मात्र चालतच परत निघते. परतवारी दहा-अकरा दिवसांत आळंदी गाठते, म्हणजे रोजची चाल येतानाच्या जवळपास दुप्पट. वाटेवर फारसा कुणी खाऊ वाटत नाही, पाण्याच्या टँकरची सोय थोडी, रस्ता मोकळा. कोरडा शिधा आणि सुके मोजे सोबत ठेवावेत, सकाळी अंधारातच निघावं. माणसं कमी असल्यानं विणेचा आवाज थेट शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू येतो.