खिडकी हिच्याकडं होती

सकाळपासून एकच वाक्य डोक्यात फिरतंय. मी आणि आत्या सोलापूरहून विमानाने मुंबईला बारशाला जाऊन आलो, म्हणून समोरच्या काकू आल्या होत्या, विचारत होत्या की ढग वरून कसे दिसतात हो, आणि आत्या भाकरी थापता थापता म्हणाली, "ते हिला विचारा, खिडकी हिच्याकडं होती." बस एवढंच. चिडून नाही, टोमणाही नसावा बहुतेक. काकू हसल्या, मी पण हसले आणि आत जाऊन उगाच बॅगा आवरत बसले.

आता खिडकी माझ्याकडं का होती हे काकूंना काय सांगत बसू. डॉक्टरांनीच सांगितलं होतं की आत्यासाठी मधल्या वाटेच्या कडेची सीट घ्या, तिला पाणी पीत राहू दे, मधे उठून चार पावलं टाकू दे. त्यात सूज उतरायची गोळी घेतली की तिला दर थोड्या वेळाने बाथरूमला जावं लागतं, मग मला ओलांडून जायचं का तिने? एट्रियल फिब्रिलेशन आहे तिला. हृदयाचे वरचे कप्पे नीट आवळले जायच्या ऐवजी नुसते थरथरतात, रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की लकवा. म्हणून रक्त पातळ करायची गोळी, सकाळ-संध्याकाळ, चुकवायची नाही. मी सगळ्या गोळ्या हातातल्या पर्समध्ये ठेवलेल्या, डॉक्टरांची चिठ्ठी पण. चेक-इनची बॅग मागे राहिली तर? बाबांच्या वेळी एवढं कुणी बघितलं असतं तर... जाऊ दे.

जायच्या आदल्या रात्री मी वाचलं की विमानाच्या आत हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढाच ठेवतात. आठ हजार फूट म्हणजे 2400 मीटरच्या वर. कळसूबाई 1646 मीटर. म्हणजे जिला इथल्या विजापूर वेशीतून चालत आली तर दोनदा थांबावं लागतं, तिला मी कळसूबाईच्याही वर नेऊन बसवणार होते. झोप कशी येणार मला. डॉक्टर म्हणालेले, ठोके गोळीने ताब्यात आहेत, बसल्या जागी दम लागत नाही, बिनधास्त न्या. बिनधास्त म्हणे.

वर गेल्यावर मी ऑक्सिमीटर काढला, बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन किती टक्के ते बघायचं मशीन. एसीनं बोट गार पडलेलं, मशीनवर नुसत्या रेघा. चोळून चोळून गरम केलं तर 93. घरी 97 असतं. वर गेल्यावर एवढं उतरतं हे माहीत होतं मला, पण माहीत असणं वेगळं आणि समोर 93 दिसणं वेगळं. नाडीचा आकडा तर 84, मग 110, मग 91, हिच्या आजारात त्या मशीनवर भरवसाच ठेवता येत नाही, म्हणून मनगट धरून पूर्ण एक मिनिट मोजायला लागले, बांगड्या वर सारून. दोन ठोके लगेच, मग एक गायबच, मग परत घाईघाईनं तीन. तेवढ्यात ती, "सारखी काय बघूलालीस गं माझ्याकडं? बाहेर बघ की, पैसे भरलेत."

आणि खरं तर विमानाची हौस हिचीच. 2023 ला विमानांना आडवी येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा टीव्हीसमोर बसून म्हणाली होती, आता इथनं विमान उडालं की मी बसणार. मुंबईचं विमान सुरू व्हायला 2025 चा ऑक्टोबर उजाडला, तोवर रोज कुणाला ना कुणाला विचारत होती. मग वर चढताना माझ्या अंगावरून मान लांब करून तलाव दिसतो का बघत होती, आणि मी म्हणत होते वाकू नकोस, पट्टा काढू नकोस.

बारशात सगळे म्हणाले, आत्या किती फ्रेश दिसते! दादाने तिला मिठी मारली, मला म्हणाला, बरं झालं तू होतीस. तिकिटं त्याने काढली म्हणून त्याचं नाव, आणि मी कोण, तर खिडकीवाली. हे लिहिताना कळतंय की मी फारच लहान मुलासारखी रुसलेय.

पण परत जायचं झालं तरी मी तिला कडेलाच बसवणार, सांगून ठेवते. फार तर वर पोचल्यावर दहा मिनिटं जागा बदलू, ते पण पट्ट्याचा दिवा विझल्यावर. आणि गंमत अशी की ढग मी पण बघितलेच नाहीत. काकूंनी खरंच मला विचारलं असतं तर काय सांगणार होते, 93?

आत्ता नऊचा अलार्म झाला. हॉलमध्ये गेले तर म्हणते, "घेतली मी गोळी मघाशीच. ते वाजायचं बंद कर आधी, सिरीयल ऐकू येईना."